पुनर्विक्रीचा फ्लॅट आणि न वाचलेले कागद

सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी 'समिउल्ला विरुद्ध बिहार राज्य' या प्रकरणात दिलेला निकाल गोव्यात फारसा चर्चिला गेला नाही. बिहार सरकारने २०१९ मध्ये नोंदणी नियमांत दुरुस्ती करून, विकणाऱ्याच्या नावे जमाबंदीची म्हणजेच महसुली नोंद असल्याचा पुरावा सादर केल्याखेरीज विक्रीखत नोंदवून घ्यायचे नाही, अशी अट घातली होती. न्या. पी. एस. नरसिंह आणि न्या. जयमाल्य बागची यांच्या खंडपीठाने ती रद्द ठरविली. त्याआधी एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूचा अशाच आशयाचा नियम न्यायालयाने मोडीत काढला होता. दोन्ही निकालांमागील सूत्र एकच आहे : १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार उपनिबंधक दस्त नोंदवितो, मालकी तपासत नाही. देशातील दिवाणी दाव्यांपैकी सुमारे ६६ टक्के दावे मालमत्तेच्या वादांचे असल्याचा अंदाज याच निकालात नमूद आहे, आणि मालमत्तेची खरेदी-विक्री हा सामान्य माणसासाठी किती मनस्ताप देणारा अनुभव ठरतो, हेही न्यायालयाने स्पष्ट शब्दांत सांगितले आहे.

याचा साधा अर्थ असा की, निबंधक कार्यालयात अंगठ्याचा ठसा उमटला, छायाचित्र निघाले आणि दस्त हाती पडला, तरी सरकारने मालकीची हमी दिली असे होत नाही. ती खातरजमा खरेदीदारानेच करायची असते. नव्या प्रकल्पात निदान 'रेरा'चे संकेतस्थळ, बँकेची मंजुरी, बांधकाम व्यावसायिकाचा नामफलक एवढे तरी समोर असते. वापरलेला, दुसऱ्या-तिसऱ्या हाती जाणारा फ्लॅट घेताना यातले बरेचसे गळून पडते. उरते ती विक्रेत्याने प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दाखविलेली कागदांची चळत.

अशी एक चळत गेल्या काही महिन्यांत मला वाचावी लागली. ती ग्वाल्हेरहून आली होती.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागाचे नावच मुळी दौलतराव शिंद्यांच्या फौजेच्या १८१० मधील तळावरून पडले. तिथल्या मराठी सरदार-दरकदारांचे आणि कारकून-पुजाऱ्यांचे वाडे आता एकामागून एक विकले जात आहेत. माझ्या मावशीच्या सासरचा वाडाही सात वाटेकऱ्यांच्या सह्यांनी गेला. वाट्याला आलेल्या पैशांतून, जिने न चढता राहता येईल असा दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचा, एवढेच मावशी आणि काकांच्या मनात होते. जिवाजी विद्यापीठाच्या परिसरातील सिटी सेंटर हा भाग त्यांनी पसंत केला. कैलास विहार, पटेल नगर अशा वसाहती, कार्यालये, दवाखाने, दुकाने आणि जवळपास वीस वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या मध्यम उंचीच्या इमारती असे त्याचे रूप आहे. विकणारे गृहस्थ मुलाकडे दुसऱ्या शहरात स्थायिक झालेले, भाव वाजवी, फ्लॅट हवेशीर. मावशीने एक लाखाचा 'बयाना' दिला आणि मग मला फोन केला. "तू रोज लोकांच्या मजकुरातल्या चुका काढतेस ना? मग हे जरा बघ."

इसार देण्याआधी कागद पाहायचे असतात, हे मी मावशीला बोलले नाही. बोलून उपयोगही नव्हता.

मोबाईलवर चाळीसेक छायाचित्रे आली. त्यांत आजवरच्या तीन 'रजिस्ट्री', म्हणजे विक्रीखते होती; मालमत्ता कराची पावती, वीज बिल, मंजूर नकाशाची अंधूक प्रत, बांधकाम व्यावसायिकाच्या कोऱ्या पत्रावर लिहिलेले पार्किंगचे वाटपपत्र आणि रहिवासी समितीचा 'थकबाकी नाही' असा दाखला होता. विक्रीखतांची साखळी अखंड होती. पहिल्या खरेदीदाराकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून सध्याच्या विक्रेत्याकडे मालकी रीतसर आली होती. बहुतेक वकील इथे थांबतात आणि 'टायटल क्लिअर' असे लिहून देतात. पण फ्लॅट ही चार भिंतींपुरती मालमत्ता नसते. जमीन, पाया, जिना, गच्ची, पाण्याची टाकी आणि उद्वाहक यांतला अविभक्त हिस्सा तिला चिकटलेला असतो, आणि त्या हिश्श्याबरोबर शेजाऱ्यांची देणी, भांडणे, ठरावही येतात. या दुसऱ्या भागाविषयी चाळीस छायाचित्रांत जवळजवळ काहीच नव्हते.

मध्य प्रदेशात यासाठी 'प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम, २०००' आहे. (प्रकोष्ठ म्हणजे सदनिका. हिंदी पट्ट्यात राजकीय पक्षांच्या आघाड्यांनाही प्रकोष्ठच म्हणतात, त्यामुळे कायद्याचे नाव प्रथम ऐकणारा मराठी माणूस थोडा गोंधळतो.) इमारतीचे घोषणापत्र, त्यात प्रत्येक सदनिकेचा सामायिक क्षेत्रातील ठरलेला हिस्सा, आणि सदनिकाधारकांच्या संघाचे उपविधी हा या कायद्याचा कणा. महाराष्ट्राच्या १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याची घडणही तशीच. परंतु प्रत्यक्षात कित्येक इमारतींतील 'समिती' या कायद्याखाली नोंदलेली नसते. ती कुठे १९७३ च्या सोसायटी रजिस्ट्रीकरण कायद्याखाली, म्हणजे एखाद्या क्रीडा मंडळाप्रमाणे नोंदलेली असते. कुठे सहकारी संस्था असते. कुठे नुसता शिक्का आणि पावतीपुस्तक असते. हा फरक तांत्रिक वाटतो, पण वर्गणी वसूल करण्याचा अधिकार कोणाला, गच्ची कोणाची, हिशेब मागण्याचा हक्क कोणत्या कलमाने, हे सारे त्यावर ठरते. सहकारी गृहनिर्माण संस्थेत खरेदीदार सभासद होतो, भागपत्र त्याच्या नावे होते आणि जमीन संस्थेच्या नावे असणे अपेक्षित असते. अपार्टमेंट पद्धतीत तो सदनिकेचा थेट मालक आणि सामायिक क्षेत्रातील हिस्सेदार होतो. मावशीच्या इमारतीतील समिती पावतीपुस्तकाच्या वर्गातली निघाली. घोषणापत्र नोंदविले गेले होते की नाही, हे विक्रेत्याला माहीत नव्हते. त्याने ते कधी मागितलेच नव्हते, कारण त्यालाही ते कोणी दाखविले नव्हते.

थकबाकीच्या बाबतीत महाराष्ट्राचा कायदा विशेष वाचनीय आहे. कलम १९ प्रमाणे सामायिक खर्चाची थकबाकी हा सदनिकेवरचाच बोजा ठरतो, आणि कलम २० प्रमाणे विक्रेता व खरेदीदार हे दोघेही त्या रकमेस संयुक्तपणे जबाबदार असतात. मात्र त्याच कलमात खरेदीदाराला एक ढाल दिली आहे. व्यवस्थापकाकडून वा व्यवस्थापक मंडळाकडून थकीत रकमेचे विवरण मागण्याचा त्याला हक्क आहे, आणि त्या विवरणात लिहिलेल्या आकड्यापलीकडची मागील वसुली त्याच्याकडून करता येत नाही. इतकी उपयोगी तरतूद किती खरेदीदार वापरतात? विक्रेत्याने आणून दिलेल्या 'नो ड्यूज'वर आपण समाधान मानतो. ते पत्र कोणत्या तारखेपर्यंतचे आहे, आणि मंजूर झालेली पण अद्याप मागणी न केलेली वर्गणी त्यात धरली आहे का, हे मात्र कोणी पाहत नाही.

विजेचेही तसेच. १९ मे २०२३ च्या 'के. सी. निनन' निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, वीजपुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद असेल, तर आधीच्या मालकाची थकबाकी भरल्याशिवाय नव्या मालकाला जोडणी न देण्याची अट वैध आहे. मावशीच्या फ्लॅटचे बिल अजून पहिल्याच मालकाच्या नावे येत होते. फ्लॅट दोनदा विकला गेला तरी वीज खात्याच्या लेखी काहीच घडले नव्हते.

समितीच्या दाखल्याने मला पुन्हा पुन्हा तिथेच नेले. दाखला खरा होता. तारीख मात्र तीन महिन्यांपूर्वीची. मी मावशीला सांगितले, सचिवांच्या घरी चहाला जा आणि इतिवृत्ताची वही पाहू द्याल का, एवढेच विचार. सचिव निवृत्त शिक्षक, भला माणूस. त्यांनी वही समोर ठेवली. दाखल्यानंतर अकरा दिवसांनी झालेल्या सभेत उद्वाहक बदलणे आणि गच्चीचे जलरोधन यांसाठी प्रत्येक फ्लॅटमागे ८५ हजार रुपये, दोन हप्त्यांत, असा ठराव झाला होता. विक्रेता त्या सभेला नव्हता, पण त्याला संदेश गेला होता. त्याच वहीत दोन वर्षांपूर्वीची आणखी एक नोंद होती : पार्किंगमधील एका खांबाचे सिमेंट निघाल्याने अभियंत्याला दाखवावे, असे ठरले होते. दाखविले का, काय निष्पन्न झाले, याची पुढे नोंद नाही.

ज्या मजकुराकडे 'स्थानिक कटकटी' म्हणून आपण दुर्लक्ष करतो, तोच कधी कधी सर्वांत मोलाचा असतो, हे जगाने अमेरिकेतील फ्लोरिडात पाहिले आहे. सर्फसाइड येथील 'चॅम्प्लेन टॉवर्स साऊथ' ही १९८१ मध्ये बांधलेली बारा मजली, १३६ सदनिकांची इमारत २४ जून २०२१ च्या पहाटे अंशतः कोसळली. ९८ माणसे गेली. २०१८ मध्येच अभियंत्याच्या अहवालाने पोहण्याच्या तलावालगतच्या भागातील सदोष जलरोधन आणि त्याखालच्या काँक्रीटची हानी नोंदविली होती. दीड कोटी डॉलरच्या दुरुस्तीची विशेष वर्गणी मंजूर व्हायला २०२१ चा एप्रिल उजाडला, आणि हप्ते सुरू होण्याआधीच इमारत पडली. अहवाल, पत्रे, सभांचे वाद सारे कागदावर होते. त्यानंतर फ्लोरिडाने २०२२ मध्ये कायदा करून तीन वा अधिक मजल्यांच्या जुन्या इमारतींची ठराविक काळाने संरचना तपासणी आणि दुरुस्ती निधीचा अभ्यास सक्तीचा केला. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात तर १९९८ च्या कॉन्डोमिनियम कायद्यानेच खरेदीदाराची सोय केली आहे. कोणीही शंभर डॉलरपर्यंत शुल्क भरून संस्थेकडे 'स्थितिदर्शक दाखला' मागू शकतो, आणि संस्थेने तो दहा दिवसांत द्यावाच लागतो. त्यात थकबाकी, राखीव निधी, चालू दावे, संभाव्य वर्गणीवाढ, उपविधी असे सगळे असते. तिथले वकील हा दाखला वाचल्याखेरीज व्यवहार पक्का करू देत नाहीत.

आपल्याकडे एवढा सुटसुटीत मार्ग नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ विक्रेत्यावर बंधन घालते खरे. खरेदीदाराला साध्या काळजीने कळणार नाही असा महत्त्वाचा दोष त्याने उघड करावा, आणि विक्रीच्या तारखेपर्यंतची सरकारी देणी भरावीत, असे ते सांगते. पण 'साध्या काळजीने कळणार नाही' या शब्दांतच अडचण आहे. वही मागितली असती तर कळले असते, असे म्हणायला विक्रेता मोकळा राहतो.

'रेरा'विषयीचा गैरसमजही इथे दूर करायला हवा. खासगी विक्रेता हा 'प्रवर्तक' नसतो, म्हणून त्याच्याविरुद्ध रेराकडे तक्रार चालत नाही, हे खरे. पण २०१६ च्या कायद्यातील 'आवंटी' या शब्दाच्या व्याख्येत, पुढे विक्रीने वा अन्य प्रकारे फ्लॅट मिळविणाराही येतो. म्हणजे प्रकल्प नोंदणीकृत असेल आणि ताबा देऊन पाच वर्षे झालेली नसतील, तर संरचनेतील दोषाची बिल्डरवरील जबाबदारी दुसऱ्या खरेदीदारालाही वापरता येते. कलम १७ प्रमाणे सामायिक क्षेत्राचे हस्तांतरण आणि नकाशांसह सर्व कागद रहिवाशांच्या संघाकडे सोपविणे प्रवर्तकाला बंधनकारक आहे. सिटी सेंटरमधल्या वीस वर्षांच्या इमारतीला याचा उपयोग नव्हता. १ मे २०१७ पूर्वी पूर्णत्वाचा दाखला मिळालेले प्रकल्प नोंदणीच्या कक्षेबाहेर राहिले.

अर्थात, दाखला मिळालेला असेल तर. कारण मावशीच्या चळतीत तोही नव्हता.

विक्रेता म्हणाला, तो बिल्डरकडे असेल. बिल्डरचा माणूस म्हणाला, समितीला कधीच दिला. समिती म्हणाली, आमच्याकडे नकाशाची प्रत तेवढी आहे. वीस वर्षे लोक राहत आहेत, कर भरत आहेत, नळाला पाणी आहे. मग एका कागदाने काय अडते, असा प्रश्न काकांनीही मला विचारला. उत्तर १७ डिसेंबर २०२४ च्या एका निकालात आहे. मेरठमधील अनधिकृत बांधकामाच्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले. वीज, पाणी, मलनिस्सारण यांची जोडणी पूर्णत्वाचा वा भोगवट्याचा दाखला पाहूनच द्यावी, आणि बँकांनीही तो पडताळूनच इमारतीवर कर्ज द्यावे, असे त्यांत आहे. म्हणजे आज रोखीने घेतलेला फ्लॅट उद्या मावशीला विकायचा झाला, तर कर्ज काढून घेणारा गिऱ्हाईक अडखळणार. जुन्या फ्लॅटचा भाव यापुढे मजल्यावर वा पूर्वेच्या खिडकीवर जितका ठरेल, तितकाच या दाखल्यावर ठरेल, असा माझा अंदाज आहे.

पार्किंगचे कोरे पत्र मात्र मी बाजूलाच ठेवले. 'नहालचंद लालूचंद' प्रकरणात ३१ ऑगस्ट २०१० रोजी, महाराष्ट्राच्या कायद्याचा अर्थ लावताना, इमारतीखालच्या खांबांमधली जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले आहे. अशा जागेचा वापर ठरवायचा तो रहिवाशांच्या संस्थेने. विक्रेता पार्किंगचे वेगळे दीड लाख मागत होता. त्या पत्रावर तारीखसुद्धा नव्हती.

आता आपल्या राज्याकडे वळू. गोव्यातील परिस्थिती ग्वाल्हेरहून फार वेगळी नाही. काही बाबतीत अधिक गुंतागुंतीची आहे. मडगाव, म्हापसा, पर्वरी, ताळगाव येथील जुन्या संकुलांत आज विकले जाणारे पुष्कळ फ्लॅट दुसऱ्या वा तिसऱ्या हातचे आहेत. संकुलाला 'सोसायटी' आहे असे सांगितले जाते. ती २००१ च्या गोवा सहकारी संस्था कायद्याखालील पूर्ण गृहनिर्माण संस्था आहे की केवळ झाडलोट आणि पंपाचे बिल पाहणारी देखभाल संस्था आहे, हे विचारलेच जात नाही. देखभाल संस्थेच्या नावे जमीन नसते. अशा वेळी एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून मूळ भाटकाराचे किंवा बिल्डरचे नाव दिसते, आणि कुळाच्या रकान्यात एखादे विसरलेले नाव असेल तर कटकट वाढते. सनद, नगरनियोजन खात्याचा किंवा पीडीएचा पूर्णत्व दाखला, पंचायतीची वा पालिकेची ऑक्युपन्सी हे कागद एकमेकांशी जुळतात का, सर्व्हे क्रमांक आणि मजल्यांची संख्या सर्वत्र तीच आहे का, एवढे ताडून पाहिले तरी निम्मे काम होते. काणकोणात चावडी येथे ४ जानेवारी २०१४ रोजी बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून मजूर चिरडले गेले, तेव्हा परवान्यांविषयी आपण महिनाभर बोललो होतो.

गोव्याचे आणखी एक वैशिष्ट्य बाहेरच्या खरेदीदाराला चकविते. आपल्याकडे विवाहाबरोबर मालमत्तेची समाईक मालकी येते, जोपर्यंत विवाहपूर्व कराराने वेगळे ठरलेले नाही. म्हणून फ्लॅट एकट्या पतीच्या नावे दिसत असला, तरी पत्नीच्या संमतीशिवाय तो विकता येत नाही. मालक वारला असेल तर २०१२ च्या गोवा वारसाहक्क कायद्याप्रमाणे वारसदारीचा दस्त वा इन्व्हेंटरीचा आदेश पाहावा लागतो. मृत्यूचा दाखला आणि मुलांचे संमतिपत्र एवढ्याने भागत नाही. त्यातले एखादे अपत्य पोर्तुगीज पारपत्रावर लंडनला असेल, जे आज गोव्यात घरोघरी आहे, तर प्राप्तिकर कायद्याच्या दृष्टीने विक्रेता अनिवासी ठरू शकतो. निवासी विक्रेत्याच्या ५० लाख वा अधिक किमतीच्या मालमत्तेवर एक टक्का कर कापून खरेदीदार सुटतो. अनिवासी विक्रेता असेल तर कपातीचा दर बराच अधिक असतो, त्याला ५० लाखांची मर्यादा नाही, आणि कपात चुकली तर वसुली खरेदीदाराकडूनच होते. पैसे लंडनला पोचलेले असतात, नोटीस मात्र म्हापशाला येते.

सरकारला फार मोठे काही करावे लागणार नाही. सहकार निबंधकांनी, फ्लॅट विकायला काढलेल्या सभासदाच्या संभाव्य खरेदीदाराला ठराविक शुल्कात आणि ठराविक दिवसांत थकबाकी, मंजूर पण न मागितलेली वर्गणी, राखीव निधी, चालू दावे आणि शेवटचा संरचना अहवाल यांचे एकत्रित विवरण द्यावे, असा आदेश संस्थांना काढता येईल. त्याने देखभाल संस्थांचा प्रश्न सुटणार नाही, तो वेगळ्या कायद्याचा विषय आहे. पण नोंदणीकृत संस्थांत तरी सचिवाच्या मर्जीवर आणि चहावर अवलंबून राहण्याची वेळ येणार नाही. गोव्यासारख्या लहान राज्यात अशा आदेशाची अंमलबजावणी अवघड नसावी.

मावशीच्या व्यवहाराचे सांगायचे तर, वहीतला ठराव समोर ठेवल्यावर विक्रेत्याने किमतीतून ८५ हजार कमी केले आणि पार्किंगचे दीड लाख सोडले. वीज जोडणी नावावर करून देण्याचेही त्याने कबूल केले. पूर्णत्वाच्या दाखल्यासाठी काकांनी महापालिकेकडे माहिती अधिकारात अर्ज केला आहे. खांब पाहायला त्यांच्याच ओळखीचा एक निवृत्त अभियंता येणार आहे. समितीने त्याला परवानगी दिली, फी मात्र काकांनीच द्यायची. इसाराची मुदत दोन महिन्यांनी वाढवून घेतली, आणि ती वाढ मुद्रांकावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. तोवर ती दोघे लष्करातच, विकल्या गेलेल्या वाड्यासमोर दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत आहेत. परवा मावशीचा फोन आला. वाडा पाडायला सुरुवात झाली आहे, आणि महापालिकेने अर्जाची आणखी एक प्रत मागितली आहे.